सतरा नंबरची लालबाई

आमच्या ट्युनिशियात कायद्याने दुसरी बायको करता येत नाही, म्हणून माझ्या नवऱ्याने तळं केलं. हे मी एकदा माझ्या नणंदेसमोर, सलूहासमोर बोलले, तर ती हसून हसून खोकायला लागली. मी काही विनोद करत नव्हते. बाईमाणूस सवत असती तर निदान तिच्या झिंज्या धरता आल्या असत्या. माझी सवत म्हणजे घोट्याएवढं खारं पाणी. तिच्या झिंज्या कुठे शोधायच्या?

नवऱ्याचं नाव जिलानी. स्फाक्सच्या दक्षिणेला किनाऱ्यालगत मिठाची तळी आहेत, त्यातलं सतरा नंबरचं त्याचं. म्हणजे मालकी कंपनीची, पण त्याचा बाप तिथे राबला आणि बापामागे हा. बाकीच्या तळ्यांवर यंत्रं आली. सतरा नंबर अजून लाकडी दाताळ्याने ओढतात, कारण तिथलं मीठ जाड पडतं आणि ऑक्टोपस खारवणाऱ्या कोळ्यांना तेच लागतं. शिवाय ते सगळ्यांच्या आधी पडतं. दरवर्षी पंधरा दिवस आधी. का, ते विचारा. माझ्या सवतीमुळे.

उन्हाळा वर चढला आणि पाणी आटून घट्ट झालं की सतरा नंबर आधी फिकट नारिंगी होतं आणि मग डाळिंबाच्या रसासारखं लालभडक. त्या रंगाला जिलानी लालबाई म्हणतो. लाल पाणी ऊन पितं, तापतं, लवकर आटतं आणि मीठ धरतं, एवढं त्याला बापाने शिकवलेलं. कंपनीवाले त्या लालीला घाण समजतात. हंगाम संपला की आपल्या तळ्यांतलं उरलेलं पाणी समुद्रात सोडून तळ खरवडून घेतात. जिलानी मात्र पावसाआधी एक मोठा काचेचा बुधला भरून घरी आणतो, आमच्या छतावर उन्हात ठेवतो, आणि जूनमध्ये तळ्यातलं पाणी पुरेसं खारट झालं की त्यात ओततो. दह्याला विरजण ठेवतात ना, तसं.

आता छत कोणाचं? माझं. गहू धुऊन वाळवायचा माझा, कुसकुसचे दाणे वाळवायचे माझे, मिरच्या माझ्या. आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असलेला एकुलता एक कोपरा कोणाचा? बुधल्याचा. दिवसातून दोनदा हा वर चढून बुधला थोडासा फिरवायचा, सगळ्या बाजूंनी ऊन मिळावं म्हणून. वर्षाला एकदा तरी त्याने मला असं फिरवून पाहिलं असतं, तर माझ्या पाठीवरचं गळू त्याला दिसलं असतं.

एका साली मला खोकला झाला होता. आठ दिवस सगळ्या गल्लीला ऐकू येत होता. आठव्या दिवशी जिलानी घरी आला, दारातच पायातले बूट काढत काळजीने म्हणाला, "आज तिची तब्येत ठीक नाही. जांभळट पडलीय. हवा कमी पडतेय तिला." मी म्हटलं, "सी जिलानी, तुम्ही असं करा, तिच्यासाठी सूप न्या. मी माझं बघते." मला राग आला की मी त्याला सी जिलानी म्हणते आणि अहोजाहो करते. त्याला कळतं. पण त्या दिवशी तो म्हणाला, "सूप नको गं, वारा हवा."

बरं, माणूस वाईट आहे का? नाही. हात उचलला नाही, दारू नाही, ईदच्या सकाळी खारवलेला मासा आणि कांदा-मनुकांचं कालवण वाढलं की बोटं चाटतो आणि म्हणतो, "मीठ आपलं आहे." मी रांधलेलं असतं, आणि कौतुक मिठाचं. त्याच्या टाचांना खाऱ्या पाण्याने बोट जाईल एवढ्या भेगा पडायच्या. एकोणतीस वर्षं रोज संध्याकाळी मी त्यात ऑलिव्हचं तेल जिरवलं. तेल चोळताना वाटायचं, या भेगा तिने केल्या आणि भरायच्या मी.

लग्नातही तीच आधी आली. आमच्याकडे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरानवरी मोठ्या माशावरून सात वेळा ओलांडून जातात. ते झालं, बायका जमल्या, नवऱ्याने आता काय दिलं ते बघायला सगळ्या टपलेल्या. जिलानीने खिशातून रुमाल काढला. रुमालात मुठीएवढा मिठाचा खडा. आत जरासा गुलाबी. सतरा नंबरचा, त्या वर्षीचा पहिला.

"आमच्या जावेला सोन्याचं कडं मिळालं होतं," सलूहा तेव्हाच बोलली होती. "तुला काय, कोशिंबिरीला झालं!"

मी तो खडा पेटीत तळाशी टाकला, लग्नाच्या शालीत गुंडाळून. टाकून दिला असता तरी चाललं असतं. टाकला नाही. दर ईदला शाल काढताना तो हाताला लागायचा, आणि जिलानी दारातून बघायचा.

हे सगळं चाललं असतं. पण दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ओल्फा आली. विद्यापीठातली डॉक्टरीण, औषध देणारी नाही, पाण्यातले जीव शोधणारी. पोरीचं वय तीसही नसेल, डोक्यावर गवती टोपी. त्या सालचा हिवाळा आमच्या भागात कोणी पाहिला नव्हता असा पावसाचा गेला होता, सगळी तळी धुऊन निघाली होती, आणि जिलानी ज्याच्या त्याच्याजवळ म्हणत होता की आता सगळी भिस्त बुधल्यावर. हे कुठून तरी तिच्या कानावर गेलं. ती थेट आमच्या छतावर.

दिवसाकाठी दहा शब्द बोलणारा माझा नवरा तिच्याशी दोन तास बोलला. मी गहू पसरत होते. माझे हात गव्हात आणि कान तिकडे.

"अम्म जिलानी, हिला तुम्ही कधी सावलीत ठेवलंत का?" ती विचारत होती. अम्म म्हणजे काका, आमच्याकडे वडीलधाऱ्याला तसंच म्हणतात.

"ठेवलं होतं एकदा. नेजियाला जागा हवी होती म्हणून. चार दिवसांत उतरली बिचारी."

बिचारी! मी गव्हाची परात जरा जोरातच आपटली.

खाली अंगणात मी चहा दिला, बदाम घालून, कारण पाहुणी शेवटी पाहुणी. ती मला मावशीच्या नात्याने म्हणाली, "खाल्ती नेजिया, तुमच्या छतावर काय आहे माहिती आहे का? त्या लाल पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, कोट्यवधी. उन्हातून ताकद घेतात. खायला कमी पडलं, हवा कमी पडली की अंगात जांभळा रंग आणतात आणि त्याने ऊन पकडून त्यावर जगतात."

"म्हणजे स्वयंपाक नको?" मी म्हटलं.

"नको!"

"मग बरोबर आहे. अशीच बायको हवी याला."

ती हसली. जिलानी हसला नाही, तो ऐकत होता. "आणि त्यांना उजेड कळतो," ती पुढे म्हणाली. "डोळे नाहीत, पण कळतो. कामाचा उजेड असेल तिकडे पोहत जातात, जाळणारा असेल तर मागे वळतात. आणि वळायला जागा नसली तरी हा लाल रंग पदरासारखा अंगावर असतो. तरीही आतला गुणसूत्राचा धागा तुटलाच, तर शिवून घेतात. आम्ही यांना दवाखान्यातली हत्यारं जंतू मारायला ज्या किरणांखाली ठेवतात, तिथे ठेवलं. शेजारच्या बाटलीतलं सगळं मेलं. यांचे धागे तुकडेतुकडे झाले, आणि काही तासांत यांनी जोडून घेतले. उन्हातान्हात, मिठात जगून तयार झालेत ना."

जिलानीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी खरं सांगते. माझा बाप वारला तेव्हा हा माणूस जनाज्यात कोरडा उभा होता.

"म्हणजे ही मरतच नाही म्हणा," मी म्हटलं.

"मरते ना, खाल्ती. एकाच गोष्टीने. गोड्या पाण्याने. मीठ उतरलं की फुटतात, तिथल्या तिथे. दोन मिनिटंसुद्धा नाही लागत."

हे तिने चहात साखर ढवळताना सांगितलं आणि विसरली. मी विसरले नाही.

पुढच्या गुरुवारी काय झालं ते आता लपवत नाही. सकाळी मी जिलानीला म्हटलं, "आज माझ्या बहिणीकडे जायचंय, येशील ना?" तो म्हणाला, "तू जा. आज वारा पडलाय, मला तळ्यावर थांबायला हवं." ओल्फा तळ्यावर येणार होती हे त्याने सांगितलं नाही. ते मला सलूहाने सांगितलं, आणि कसं सांगितलं! "वहिनी, भाऊ आज दाढी करून गेलाय."

मी बहिणीकडे गेले नाही. अंगणातल्या टाक्यातून पावसाचं पाणी शेंदलं. सगळ्यांच्या घरी असतं तसं आमचंही टाकं, छतावरून पाणी उतरतं आणि वर्षभर पुरतं. पाहुण्याला पहिला पेला मी त्याच पाण्याचा देते. एक एक घागर वर नेली. बुधला तेव्हा आटून पावच उरला होता. चार घागरी ओतल्या. मला वाटलं होतं काहीतरी आवाज होईल, फेस येईल. काही नाही. लाल रंग पातळ झाला, गुलाबी झाला, आणि बोट घातलं तर पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट लागलं. त्याची मला जरा किळस आली. जिलानीने पातळीच्या खुणेला बुधल्याला दोरा बांधला होता, तिथपर्यंत येईस्तोवर वरचं पाणी मी गल्लीत ओतलं आणि खाली येऊन हात तीन वेळा धुतले. पोट भरल्यासारखं वाटलं. नाही म्हणणार नाही.

दोन दिवसांत उन्हाने राहिलेला गुलाबीही उडाला. जिलानी वर गेला तो बराच वेळ आला नाही. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. त्याने बुधल्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि तसाच बसून राहिला.

"रंग उडालाय का रे?" मी विचारलं. "ऊन फार आहे यंदा."

"ऊन?" तो म्हणाला. "हिचा रंग उन्हाने उडाला?"

मग उठला. बुधल्यात मुठी-मुठीने मीठ घातलं, आणि ठरल्या दिवशी दरवर्षीसारखा सायकलीला बांधून तळ्यावर नेऊन ओतला.

जून अर्धा सरला. सतरा नंबर पांढरट, रोगट. आजूबाजूची तळीही तशीच, त्यांच्यातून उसनं आणावं असं काही नव्हतंच. मुकादम आला आणि बांधावर उभा राहून म्हणाला, "अम्म जिलानी, ऑगस्ट संपायच्या आत मीठ धरलं तर ठीक. नाहीतर हा बांध फोडून तुमचं तळं सोळामध्ये घालायचं ठरलंय. तुम्हाला फाटकावर खुर्ची देऊ. सावलीतली आहे."

तेव्हापासून जिलानी घरी बसायला लागला. मला हवं होतं तेच झालं की नाही? नवरा माझा, पूर्ण दिवस, घरात. सकाळी उठला की अंगणात खुर्ची. "काय करतेस?" "भाजी चिरतेय." "बरं." थोड्या वेळाने पुन्हा, "काय करतेस?" माझ्यासोबत वाटाणे सोलले, बाजारात आला, बहिणीकडेसुद्धा आला आणि चार तास भिंतीकडे बघत बसला. माझी बहीण कानात म्हणाली, "याला बरं नाही का?" मी छतावर चढून पाहिलं. कोपरा रिकामा. तिथे मी मिरच्या पसरल्या. मस्त वाळल्या.

एका संध्याकाळी तेल घेऊन त्याच्या पायाशी बसले आणि टाच हातात घेतली. भेगा मिटल्या होत्या. मऊ टाच, दुकानदाराची असते तशी. तेल जिरवायला जागाच नव्हती. एकोणतीस वर्षं मला वाटत होतं की त्या भेगा तिच्या आहेत. माझ्या होत्या. रोज संध्याकाळी अर्धा तास तो माणूस माझ्या हातात असायचा तो त्या भेगांमुळे. मी तेलाची वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

जुलैच्या मध्यावर ओल्फा पुन्हा आली. तिला सगळं कळलं होतं. अंगणात बसली, टोपी मांडीवर. "माझ्याकडच्या बाटल्याही गेल्या," म्हणाली. "किरणांच्या प्रयोगात सगळं वापरून टाकलं, मूर्खासारखं. वाटलं, अम्मकडे आहेच." मग एकदम सरळ बसली. "अम्म, जुनं मीठ आहे का कुठे? सतरा नंबरचंच. धुतलेलं, दळलेलं नको, मोठा खडा हवा. खडा बनताना आत खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब अडकतात, आणि त्या थेंबात ते जीव अडकतात. झोपून राहतात. वर्षानुवर्षं. कितीही जुना चालेल."

जिलानी बसला होता माझ्यासमोर. त्याची नजर माझ्या खोलीच्या दाराकडे गेली, तिथून माझ्याकडे आली, आणि जमिनीवर थांबली.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही राहिलं. सगळं विकलं जातं."

"एखादा खडासुद्धा नाही? कोणाला दिलेला वगैरे?"

"दिलेली वस्तू ज्याची त्याची," जिलानी म्हणाला. "ती माझी नाही."

ओल्फाला काही समजलं नाही. ती टोपी उचलून उठायला लागली. आणि मी, जिने एकोणतीस वर्षं तिच्याआधी मला धरणाऱ्या एका वाक्याची वाट पाहिली होती, मला ते वाक्य मिळालं तेव्हा ते गिळवेना. फाटकावरच्या सावलीतल्या खुर्चीत हा बसलाय, पाय मऊ झालेत, आणि माझ्या पेटीत खडा शाबूत. असला विजय घेऊन काय करायचा?

मी आत जाऊन पेटी उघडली. शाल झटकली. खडा आणून ओल्फाच्या टोपीत टाकला.

"नेजिया," जिलानी म्हणाला.

"गप बसा, सी जिलानी."

ओल्फाने तो उन्हात धरला. गुलाबी अजून होता. "किती जुना आहे, खाल्ती?"

"माझ्या लग्नाएवढा."

तिने विचारलं नाही, तरी मी सांगून टाकलं. "बुधल्यात गोडं पाणी मी ओतलं. चार घागरी. तूच सांगितलं होतंस कशाने मरते ते." पोरीचं तोंड उघडं राहिलं. मी नवऱ्याकडे पाहायचं टाळत होते.

"माहितीये," जिलानी म्हणाला.

"काय माहितीये?"

"चाखलं होतं मी. आपल्या टाक्याचं पाणी मला कळणार नाही? छताच्या चुन्याची चव असते त्याला."

"मग बोलला का नाहीस? महिनाभर माझ्यासमोर वाटाणे सोलत बसलास!"

"काय बोलायचं? बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, बघा, तिच्यासाठी भांडतोय." तो आपल्या टाचेकडे बघत होता. "आणि भांडलोच असतो."

खडा फोडून ओल्फाने तळ्याच्याच खाऱ्या पाण्यात विरघळवला आणि बुधला छतावर त्याच कोपऱ्यात ठेवला. मिरच्या मीच उचलल्या. पंधरा दिवस काही दिसलं नाही. जिलानी दिवसातून दोनदा वर जायचा, मीही जायचे, तो नसताना. सतराव्या सकाळी बुधला उन्हासमोर फिरवला तर पाण्यात जराशी लाली होती. मी जिन्यातून हाक मारली, "ये वर. आली तुझी." आणि माझं मलाच कळलं की काय घडलंय. म्हणजे ही बया एकोणतीस वर्षं माझ्या पेटीत, माझ्या लग्नाच्या शालीत, जिवंत होती. मी तिला तळ्यावरची समजून शिव्या घालत होते, आणि ती माझ्या उशाला झोपली होती.

लाली गडद झाल्यावर जिलानीने बुधला नेऊन तळ्यात ओतला, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सतरा नंबर डाळिंबी झालं. महिनाअखेर तळाशी मीठ धरलं. मुकादमाने बूट काढून स्वतः पाय घालून पाहिला आणि खुर्चीचा विषय पुन्हा काढला नाही. जिलानीच्या टाचांना भेगा पडल्या. मी तेल गरम करायला लागले. ओल्फा अधूनमधून येते, तिचा मला अजूनही राग येतो, चहात बदाम मात्र घालते.

माझा राग गेला असं कोणी समजू नये. बुधला पुन्हा छतावर आहे आणि कोपरा पुन्हा तिचा आहे. फक्त त्या वर्षीचा पहिला खडा जिलानीने रुमालात बांधून आणला, तो मी सलूहाच्या देखत दोन्ही हात पुढे करून घेतला. पेटीत शालीत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. आता बुधला फुटो, पाऊस येवो, कोणी काही ओतो, तिला परत यायचं असेल तर माझ्याच दारातून यावं लागेल.